पाय वेदीकडे

आत्या गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये शिरल्यावर मला एकच गोष्ट दिसली. तिची शवपेटी उलटी ठेवली होती.

रडू येत नव्हतं. रागही येत नव्हता, आणि मला राग यायला एरवी फारसं कारण लागत नाही. भिंतीवर कुणी कॅलेंडर उलटं टांगलेलं दिसावं, तशी मी पुढच्या बाकावर बसून नुसती बघत होते.

आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. तिनं लग्न केलं नाही. खांदा कॉलनीत आमच्याच घरात राहायची, दिवसा शाळेत शिकवायची आणि संध्याकाळी प्रापंचिकांचे वर्ग घ्यायची. प्रापंचिक म्हणजे जे फादर नाहीत, सिस्टर नाहीत, असे आम्ही सगळे. शास्त्रपाठ कसा वाचायचा, आजाऱ्याच्या घरी प्रार्थना कशी घ्यायची, फादर येऊ शकत नाहीत तिथं रविवारची उपासना कशी चालवायची, हे ती शिकवायची. नर्स, रिक्षावाले, न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवणारे असे तिचे विद्यार्थी. वर्गासाठी पत्रकं ती स्वतः लिहायची. जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी त्यांच्या घड्या घालायचो. सगळ्यांच्याच घरी जेवणाआधी पत्रकं उचलावी लागतात, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मी वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच. 'प्रापंचिक म्हणजे अर्धा फादर नव्हे' हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य. त्याखाली होतं, 'चर्च झाडणं ही सेवा आहे. पण हातात कायम झाडूच देणं हा अन्याय आहे.'

लोक तिला सिस्टर म्हणायचे. "सिस्टर मी फक्त माझ्या भावाची," ती म्हणायची, "आणि तोही ऐकत नाही."

वाचनाचा सराव घ्यायची तिची एक पद्धत होती. रिकाम्या चर्चमध्ये ती शेवटच्या बाकावर वाचणाऱ्याकडे पाठ करून बसायची. तोंड बघितलं की अर्धं आपोआप समजतं, म्हणून बघायचंच नाही. शब्द पोचला नाही की तिचा हात वर जायचा. मग ते वाक्य पुन्हा सुरुवातीपासून. रागावणं नाही, समजावणं नाही, फक्त हात.

जुने म्हातारे फादर वारले तेव्हा तिनं वर्गाला पेटी कशी ठेवतात ते दाखवलं होतं. फादरांचं डोकं वेदीकडे, पाय लोकांकडे. आपलं उलट. आपले पाय वेदीकडे.

"देवाकडे पाय करायचे, टीचर?" कुणीतरी दबकत विचारलं होतं.

"उठून उभं राहिलं तर तोंड कुणाकडे होईल ते बघा. फादर आपल्याकडे बघत उठणार. आपण सगळ्यांबरोबर वेदीकडे बघत."

आणि आता तिचं डोकं वेदीकडे होतं.

पेटीजवळ तिचा सगळ्यात जुना विद्यार्थी उभा होता. उरणकडचा, ट्रेलर चालवणारा. सुकापूरच्या एका हॉलमध्ये रविवारची उपासना तोच घेतो. मी उठून त्याच्याजवळ गेले.

"काका, पेटी उलटी ठेवलीय."

"ठाव हाय," तो म्हणाला. "मुद्दाम ठेवली."

"का?"

"मान दिला. आमच्या हॉलात फादर कदी येतात तुला ठाव हाय. बाकीचे रविवार कुनी उभे केले? आमचा फादर म्हंजे तुजी आत्याच."

रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. त्याच्यामागे वर्गातल्या बायका उभ्या होत्या, आणि त्यांचंही हेच ठरलेलं दिसत होतं. मी ज्या पत्रकांवर वाढले त्यात अशा वेळेसाठी काय लिहिलेलं असायचं ते मला तोंडपाठ होतं. पण बोलले ते सपाट आवाजात, दुकानात सुटे मागावेत तसं.

"हा मान नाही, काका. बढती आहे. आयुष्यभर तिनं ती घेतली नाही. फादर झाल्याशिवाय मोठं होता येत नाही, असा अर्थ होईल याचा."

नवे तरुण फादर मिस्सेचा, म्हणजे मुख्य उपासनेचा झगा घालून बाहेर आले. ते हळूच म्हणाले, "राहू द्या ना. आता फिरवलं तर यांना वाईट वाटेल."

"वाटेल," मी म्हणाले.

पुढच्या बाकावरून शेजारच्या काकू वाकल्या. त्या आमच्या मजल्यावर राहतात, चर्चमध्ये पहिल्यांदाच आल्या होत्या. "काय गं, काय झालं?"

"आत्याचे पाय देवाकडे करायचेत."

"अगं बाई," म्हणत त्या परत बाकावर टेकल्या.

काकानं रुमालानं तोंड पुसलं. "टीचर असती तर माजे कान उपटले असते," तो म्हणाला. मग बायकांकडे वळला. "झाकन लावा. फिरवू या."

बाकांमधल्या वाटेत पेटी फिरत नव्हती. दारापर्यंत न्यावी लागली. एक बाजू मी धरली होती. लाकूड हाताला लागत होतं, एवढंच मला कळत होतं. पोर्चमध्ये काका ट्रेलर वळवावा तसा सांगत होता. "मागची बाजू उजवीकडं. अजून. अजून घे. कट मार. बस." चपलांच्या ढिगाजवळ आत्या पूर्ण फिरली. लोक उठून उभे राहिले आणि ती दुसऱ्यांदा आत आली, या वेळी पाय पुढे. जागेवर ठेवल्यावर बायकांनी झाकण काढलं. काका आमच्याजवळ थांबला नाही. सरळ मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसला. दुखावला होता. मला ते दिसलं, पण आत कुठं लागलं नाही.

पहिलं वाचन माझ्याकडे होतं. वेदीजवळच्या वाचनाच्या स्टँडमागे उभी राहिले तेव्हा लक्षात आलं, की पेटी तशीच राहिली असती तर आत्याची पाठ माझ्याकडे असती, सरावाला असायची तशी. आता तोंड माझ्याकडे होतं. तिच्या तोंडासमोर मी कधीच वाचलं नव्हतं.

मी वाचायला लागले. शब्द ओळीनं येत होते. नीट चाललंय असं मला वाटत होतं.

मध्येच शेवटच्या बाकावर एक हात वर गेला.

काका आमच्याकडे पाठ करून बसला होता. भर मिस्सेत, वेदीकडे पाठ. आजूबाजूचे लोक त्याच्याकडे बघत होते. त्याला त्याचं काही नव्हतं. हात तसाच वर होता.

मी थांबले. श्वास घेतला आणि ते वाक्य पुन्हा सुरुवातीपासून वाचलं, मोठ्यानं. तो हात खाली जाईपर्यंत.