रत्नप्रभाचं बिनडोळ्यांचं भूत

मी रत्नप्रभाला पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ती मातीचा गोळा हातात धरून झोपली होती. बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्चीत, ताठ बसून. मान खाली पडली नव्हती, तोंड उघडं नव्हतं. वर्गात झोपणारी मुलं मी शिक्षिका म्हणून आयुष्यभर पाहिली, पण इतकी शिस्तीत झोपलेली कुणी पाहिली नाही. गोळा मात्र तिनं सोडला नव्हता. अंगठे मातीत रुतलेले होते.

वर्ग होता भुतं बनवण्याचा. चौथ्या मजल्यावरचा ओजस सिनेमावाल्यांसाठी राक्षसांचे मुखवटे वगैरे करतो. त्यानं मुलांसाठी रविवारचा वर्ग काढला, पण मुलांच्या परीक्षा निघाल्या आणि आले आम्ही, गुडघेदुखीवाले. गणपतीच्या आधी याच हॉलमध्ये आम्ही शाडूच्या मूर्ती केल्या होत्या. हातांना तेवढंच ठाऊक होतं. पहिल्या दिवशी ओजस टेबलांमधून फिरला आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "काकू, सगळ्यांची भुतं मांडी घालून का बसलीत? आणि हे आशीर्वाद का देतंय?"

आशीर्वाद देणारं भूत माझं होतं.

"अरे, हात वर केला की असाच होतो," मी म्हटलं.

"वाट लागली भुताची," तो म्हणाला. सगळे हसले. त्या हसण्यानं रत्नप्रभा जागी झाली, तिनं ओशाळून इकडेतिकडे पाहिलं आणि पुन्हा माती मळायला लागली.

ती बी विंगमध्ये राहते. सासर मालवणकडचं, नवरा वांद्र्याला एका कंपनीत. रविवारी तो घरी असतो, तेव्हा तिला दोन घटका बाहेर पडता येतं. परतताना जिन्यापाशी मी तिला विचारलं, "एवढी दमलेली असतेस, तर घरी झोपायचं सोडून भुतं कशाला करतेस गं?"

"सासूबाईंसाठी, बाई," ती म्हणाली.

मग हळूहळू तिनं सांगितलं. सासूबाईंना विस्मरणाचा आजार आहे. दिवसभर ठीक असतात, पण तिन्हीसांज झाली की त्यांना कपाटाजवळ एक बाई उभी दिसते. त्या ओरडतात, अंथरुणातून पळू बघतात. रात्रही तशीच जाते. औषधानं नुसत्या गुंगीत राहतात आणि जेवत नाहीत. नवऱ्यानं विरारकडचं एक केंद्र पाहून ठेवलंय. तिथे अशा माणसांना ठेवून घेतात.

"ह्यांचंही चुकत नाही," ती म्हणाली. "पण मी नोकरी करत होते तेव्हा दोन्ही मुलं त्यांनी वाढवली. मला झोप हवीय बाई, खूप हवीय. त्यांना तिकडे पाठवून नकोय. म्हटलं, ती बाई एवढीशी करून त्यांच्या हातात दिली, तर भीती थोडी कमी होईल."

पुढच्या रविवारी तिचं पहिलं भूत झालं. तारेच्या सांगाड्यावर शाडू लिंपून केलेली, उभी, वीतभर उंचीची बाई. ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं ती डब्यात ठेवली आणि मला म्हणाली, "चला ना बाई, एकटीला धीर होत नाही."

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. बारीक चणीच्या, केस नीट विंचरलेले. त्यांनी मूर्ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि रत्नप्रभाकडे नापास केल्यासारखं बघितलं.

"ही ती नाय. ही तर गवर दिसता."

खरंच दिसत होती. गोल चेहरा, भरलेले गाल, ओठांवर थोडं हसू. दरवर्षी गौरीचा मुखवटा सजवणाऱ्या हातांनी दुसरं काय केलं असतं?

"मग ती कशी आहे, आई?" रत्नप्रभानं विचारलं.

"हनवटी बारीक असा. केस मोकळे. मान अशी," म्हणून म्हातारीनं मान एका बाजूला कलती करून दाखवली. माझ्या अंगावर काटा आला. रत्नप्रभा मात्र बोटानं हवेत ती मान पुन्हा पुन्हा काढून बघत होती.

दुसरी मूर्ती करायला तिला जास्त वेळ लागला. शाडू वाळून मानेला चीर गेली, ती पुन्हा भरली. मध्येच डुलकी लागायची, तेव्हा ओजस तिच्या मूर्तीवर ओलं फडकं टाकून पुढे जायचा. शेवटी चेहरा मनासारखा जमला. फक्त डोळ्यांच्या जागी सपाट माती होती.

"काकू, डोळे?" ओजसनं विचारलं. "सगळी भीती डोळ्यांत असते."

"ते शेवटी," ती म्हणाली. "आमच्याकडे गणपतीचे डोळे सगळ्यांत शेवटी, घरातलं मोठं माणूस काढतं. तशीच सवय आहे."

त्या संध्याकाळीही मी गेले. बाहेर दिवे लागत होते. सासूबाईंनी मूर्ती पाहिली आणि पलंगाची कड घट्ट धरली.

"हीच ती," त्या म्हणाल्या. आवाज चिरकला.

नवरा दारातून चिडून म्हणाला, "सांगत होतो ना, नको ते उद्योग!" मलाही वाटलं, फसलं सगळं. रत्नप्रभा पलंगाच्या कडेला बसली. तिनं लाकडी कोरणी सासूबाईंच्या हातात दिली.

"आई, डोळे राहिलेत. घरात मोठ्या तुम्ही. तुम्ही करा."

म्हातारीनं कोरणी धरली. टोक बरोबर भुवईखाली गेलं आणि तिथेच थांबलं. डोळ्यांच्या सपाट जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. मग कोरणी चादरीवर ठेवली.

"नको गो. डोळे नसले तर ती बगतली कशी?" आणि कपाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ठेव तिका थंय, कपाटावर."

रत्नप्रभानं मूर्ती कपाटावर ठेवली. सासूबाईंनी एकदा वर पाहिलं, आणि चहा मागितला. त्या संध्याकाळी त्या ओरडल्या नाहीत. रत्नप्रभानं चहा करून आणला तो त्यांनी घेतला, आणि ती स्वतः जमिनीवर पलंगाला पाठ टेकून बसली ती तशीच झोपली. नवऱ्यानं तिच्या अंगावर चादर टाकली. मी दार ओढून घेऊन निघाले.

वर्ग संपला तेव्हा हॉलमध्ये सगळ्यांची भुतं मांडली. ओजसनं तिला विचारलं, "काकू, तुमचं नाही आणलंत? डोळे केलेत की नाही?"

"नाही केले. ती घरी कामात आहे," रत्नप्रभा म्हणाली.

आजार बरा झाला असं नाही. तो बरा होत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. पण विरारचा विषय नवऱ्यानं तूर्त काढलेला नाही. कपाटाजवळची बाई सासूबाईंना आता दिसत नाही. मात्र दिवाळीनंतर त्यांना स्वयंपाकघराच्या ओट्यावर गुडघे मुडपून बसलेला एक पुरुष दिसायला लागला.

परवा रत्नप्रभा मला लिफ्टपाशी भेटली. डोळ्यांखाली तीच काळी वर्तुळं होती. मी विचारलं, "काय चाललंय गं?"

ती सध्या घरीच शाडूत ओट्यावरच्या त्या पुरुषाचे गुडघे करते आहे.