रिकामं भांडं परत धाडू नये

शेवंतामावशींच्या घरून भाजीची वाटी आली, की ती नुसती धुऊन परत करायची सोय नव्हती. निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालावी लागे. "रिकामं भांडं परत धाडू नये," असं त्या म्हणत, आणि हा नियम त्यांनी थेट विजेच्या तारेलाही लावला होता.

२००६ च्या सुमारास नोकरीनिमित्त मी कोळवणला त्यांच्याकडे भाड्याने राहत होतो. रस्त्याकडेचा जमिनीचा तुकडा शहरवाल्यांना विकून इतरांनी जिपा घेतल्या. मावशींनी विजेवर चालणारी चिमुकली मोटार घेतली. अर्धा दिवस भारनियमन असणाऱ्या गावात विजेची गाडी! लोक हसून बेजार झाले. मावशी पन्नाशीत गाडी शिकल्या आणि नऊवारी सावरत पौडला जाऊन येऊ लागल्या. मात्र बॅटरी निम्मी उरली, की कितीही मोठं काम असो, गाडी अंगणात उभी राही. उरलेली वीज माघारी द्यायची आहे, असं त्या सांगत.

त्यासाठी त्या मला घेऊन पौडच्या वीज कचेरीतही गेल्या. गावात अंधार असतो तेव्हा आमच्या गाडीतली वीज तारेत घ्या, अशी मागणी. साहेबांनी चहा पाजून समजावलं, की तसा नियम नाही. शिवाय बंद तारेत कुणी मागून वीज सोडली तर खांबावरचा वायरमन जिवाला मुकेल. मावशींना ते लगेच पटलं. "मंग तारंत न्हाई सोडत," त्या म्हणाल्या, "पर माघारी करायची ती करनारच." पुढच्याच आठवड्यात त्यांनी गाडीला इन्व्हर्टर जोडून घेतला. वीज गेली की आम्हा भाडेकरूंचे दिवे गाडीवर चालत.

शेजारी त्यांचे चुलत दीर दत्तूअण्णा राहत. बांधावरून भांडण झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं. त्या पौषात अण्णांनी शेडमध्ये कोंबडीची पिल्लं आणली आणि दुसऱ्याच दिवशी गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. पिल्लांना बल्बची ऊब लागते. दिवस कलला, गारठा उतरला, शेगडी पुरेना. पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून चिवचिवू लागली. तळची गुदमरणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

मावशी वायरचं वेटोळं घेऊन बांध ओलांडून गेल्या. अण्णा शेडच्या दारात आडवे उभे राहिले.

"वैनी, तुमच्या घरचं काय बी नगं आमाला."

"माझ्या घरचं कुटं हाय? लायनीची वीज हाय, तिची तिला माघारी करतीया. तुमी कशाला मधी येता, भावजी?"

अण्णांनी वायरकडे बघितलं आणि ते बाजूला झाले. बल्ब लागले, तशी पिल्लं पांगून उजेडाखाली बसली. माझी छाती अशी फुगली, जणू गाडी माझीच होती. त्या रात्री मावशींनी आपल्या वाट्याची निम्मी वीजही देऊन टाकली. सकाळी गाडी पार रिकामी होती. त्या एसटीने पौडला गेल्या.

मावशी आता नाहीत. गाडीतली वीज तारेला परत देता येते, असं आता पेपरात नवलाने छापून येतं. वाचलं, की मी भेटेल त्याला सांगतो, आमच्या मावशींनी ते केव्हाच मागितलं होतं.

त्या पौषात, नवा ट्रान्सफॉर्मर बसून पिल्लं सावरल्यावर, अण्णा स्वतः वायर द्यायला आले, थेट ओट्यापर्यंत. टोपलीत वायरचं नीट वेटोळं होतं आणि त्यात दोन पिल्लं.

"रिकामी कशी आनू, वैनी?" ते म्हणाले.

मावशींनी पिल्लं पदरात घेतली, आत गेल्या आणि त्याच टोपलीत शिगोशीग आंबेमोहोर तांदूळ भरून आणला.