उलट्या सीटवरची नर्तकी

चिखलीहून जानेफळला जाताना एसटीत ड्रायव्हरच्या मागची उलटी सीट मी तरी कधी घेत नाही, मळमळतं. ती बाई मात्र हौसेनं तिथंच बसली, माझ्यासमोर. बॉलरूम नाचाच्या कंपनीबरोबर देशभर फिरते म्हणाली. बोलताना तिच्या टाचा आपोआप उचलल्या जात होत्या.

"त्रास नाही होत?" मी विचारलं.

"सवय हाय मले. जोडीच्या नाचात बाई मागं मागंच जाते. वाट दिसत नाही. पाठीवरचा हात नेईल तिकडं जायचं."

"घरचे येतात बघायला?"

"बाबा नाही येत. परक्याचा हात पाहवत नाही त्यायले."

जानेफळला एक टोपीवाले म्हातारे तिला घ्यायला आले होते. "बाबा," म्हणत ती उतरली. त्यांनी बॅग घेतली आणि गर्दीतून नेताना तिच्या पाठीवर हात ठेवला.

मान खाली घालून, समोर न बघता ती चालू लागली.