आबांचं पहिलं विमान आणि माझी सुपारी

मी विमान चालवते, पण त्या दिवशी आबांच्या, माझ्या वडलांच्या, शेजारी प्रवासी होऊन बसले होते. मी पसंत केलेल्या मुलाचं घर बघायला आबा मुंबईला आले, चहा प्याले, "परवा सुपारी फोडू" म्हणाले आणि उठले. पोरगा आवडला की माझ्या हट्टापुढं हात टेकले, काही कळेना! जन्मभर मेंढरांमागं फिरलेला माणूस, मनातलं बोलेल तर शपथ.

गावी परतताना चिकलठाण्याच्या विमानतळावर चाकं टेकली, इंजिनं गरजली आणि आबांनी माझं मनगट गच्च धरलं.

"बाई, हे एवढं कामून बोंबलायलंय?"

"थांबायला, आबा. पायलटनं लिव्हर ओढला की इंजिनाच्या झडपा उघडतात, हवा उलटी पुढं फेकली जाते. त्यानं वेग तुटतो."

"आन मधीच काय आडवं आलं तर? परत उडायचं की!"

"नाय! लिव्हर ओढेपर्यंत उडता येतं, चाकं टेकलेली असली तरी. एकदा ओढला की थांबायचंच. झडपा मिटायला वेळ लागतो, आणि एखादी मिटलीच नाही तर? एक इंजिन पुढं रेटणार, दुसरं मागं ओढणार. असलं विमान वर जाईल व्हय?"

"आगं माय!" आबा म्हणाले, आणि पुढं आमच्या गंगापूरपर्यंत जीपमध्ये हवेतच लिव्हर ओढून बघत राहिले.

आमच्यात सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मग माघार घेतली तर पाहुण्यारावळ्यांत तोंड दाखवायची सोय नाही. मुंबईची मंडळी आली. समोर नवरा मुलगा बसला होता, टोपी पार भुवयांवर आलेली, आणि मला मेलं हसूच आवरेना. आबांनी फरशीवर सुपारी ठेवली, बत्ता उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"फोडा की दाजी," मामा म्हणाला.

आबा माझ्याकडं वळले. "पोरगं लई गुणाचं हाय. पर बाई, नुसती चाकं टेकलीत. लिव्हर ओढला नाय अजून. उडायचं असंल तर आत्ता सांग. मी हाय."

मुंबईची मंडळी एकमेकांकडं बघायला लागली. नवऱ्या मुलाचा चेहरा पांढराफटक! मला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"ओढा, आबा!" मी भर बैठकीत ओरडले.

आबांनी असा बत्ता हाणला की अर्धी सुपारी उडून नवऱ्या मुलाच्या मांडीवर पडली.