उभ्या रेघा
माझी आई म्हाळसाबाई मेंढरांमागं वाढलेली. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, तरी बद्रीनाथ सुपरवायझरपेक्षा तिला जास्त कळायचं. हे सांगताना आजही माझं डोकं तापतं.

१९७९ साली आम्ही मेंढरं विकून मुकुंदवाडीला आलो आणि आई चिकलठाण्याच्या एका छोट्या कारखान्यात लागली. तिथं लोखंडी पट्ट्या तारेच्या ब्रशनं घासून निकेलच्या हिरव्या पाण्यात उभ्या बुडवायच्या. वरचं दोन बोटांएवढं टोक कोरं ठेवायचं, कारण पुढं तिथंच सांधा जोडायचा. घासायचं काम आईचं, बुडवायचं सारजाबाईचं. सारजाबाई बौद्धवाड्यातली. दोघी एका डब्यातली भाकरी खायच्या, आणि त्या दिवसांत ते साधं नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून आदल्या वर्षीच गावंच्या गावं पेटलेली, शेजारी शेजाऱ्याकडं वाकडं बघत होता.

आई पट्ट्या राखेनं भांडी घासावीत तशा आडव्या घासायची. बद्रीनाथ खेकसला, "बाई, ही काय तुमची कढई हाय? वरून खाली घासा. सरळ चकाकी पाहिजे."

ती उभं घासू लागली. आठ दिवसांत पट्ट्यांची कोरी टोकं हिरवी पडली, सांधा धरेना आणि सगळा माल परत आला. बद्रीनाथ सारजाबाईवर तुटून पडला. "मोर्च्यात मन, मग काम कसं व्हणार? मुद्दाम खोल बुडवती ही! उद्यापासून येऊ नको." सारजाबाई नामांतराच्या मोर्च्याला गेली होती ती रविवारी, सुट्टीच्या दिवशी. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर वार कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी आईनं सगळ्या बायांसमोर ताटलीत टाकीतलं पाणी घेतलं. एक पट्टी उभी घासलेली, एक आडवी. दोन्ही पाण्यात उभ्या केल्या. आडवी घासलेली वर कोरडीच राहिली. उभ्या घासलेलीच्या बारीक रेघांतून हिरवं पाणी दोऱ्यासारखं वर चढत गेलं, कुणी हात न लावता.

"साहेब, घोंगडीच्या काठाच्या दशा पाण्यात राहिल्या की सकाळपस्तोर अर्धी घोंगडी ओली व्हती. पाणी बारीक वाटंनं आपसूक चढतं. ती वाट मी केली, तुमच्या सांगण्यावरून. सारजाबाईनं नाय."

दुपारी भिंतीवर खडूनं हुकूम लागला: पट्ट्या आडव्या घासाव्यात. म्हणे साहेबांची नवी पद्धत! आईनं सारजाबाईचा विषय काढला तर बद्रीनाथ म्हणाला, "तुला काय करायचं? तुझ्या जातीची हाय का ती?"

आईनं ब्रश उचलला आणि पट्ट्या पुन्हा उभ्या घासायला लागली. "सारजाबाई येईस्तवर असंच," एवढंच म्हणाली. शेजारच्या कस्तुराबाईनंही ब्रश उभा धरला, मग तिच्या पलीकडचीनं. तीन दिवस एकही पट्टी धड निघाली नाही. घरी आई पीठ मळायची तेही दात-ओठ खाऊन. आमचं पोट तिच्या त्या कामावरच होतं, हे तिलाही ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी कारखान्याचा शिपाई बोलवायला बौद्धवाड्यात गेला आणि सारजाबाई आली. बद्रीनाथनं तिला टाकीकडं फिरकू दिलं नाही. हातात झाडू दिला. "संडासं साफ कर. तुमचंच काम हाय."

आईचा चेहरा आपण कधी तसा पाहिला नव्हता, असं कस्तुराबाई पुढं कितीदा तरी सांगायची. आईनं सारजाबाईच्या हातातला झाडू काढून घेतला आणि नेऊन बद्रीनाथच्या टेबलावर, त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"झाडायला दुसरं माणूस बघा, नायतर तुमीच झाडा. हिचं काम टाकीवर हाय."

मागं सगळ्या बायांचे ब्रश उभेच होते. बद्रीनाथनं ते पाहिले आणि टाकीकडं बोट केलं. माफी त्यानं मागितली नाही. तेवढं मी त्याला अजून माफ केलेलं नाही.