लग्नपत्रिकांच्या पाठीवरचं संगीत

जगातला प्रत्येक आवाज तयार झाल्यावर आधी आमच्या भाऊजींकडे पास व्हायला पाठवला जात असावा, अशी माझी पक्की समजूत आहे. तुम्ही मुलं त्यांना फोनच्या पडद्यावर कीबोर्डमागे उभे असलेले पाहता आणि मला विचारता, ‘आजी, हे पांढऱ्या मिशीचे आजोबा त्या बँडमध्ये काय करतात?’ म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. ते तुमच्या आजोबांचे मावसभाऊ, राहणार उंब्रज. बँडमधली बाकीची मंडळी त्यांच्या निम्म्या वयाची. पण कोणी कधी वाजवायचं, कोणी कधी गप्प बसायचं, कुठे नुसता ढोल आणि कुठे गिटार, हे सगळं तेच ठरवतात आणि लिहून देतात. गाणं कोणाचंही असो, त्याचे कपडे भाऊजी शिवतात.

त्यांचं शिक्षण म्हणाल तर गावच्या भजनी मंडळातली पेटी. सैन्यातल्या थोरल्या भावाने सुट्टीवर येताना एक छोटा कीबोर्ड आणला तो घरच्या मुलांसाठी, पण मुलांच्या हाती तो कधी लागलाच नाही. भाऊजी उसाला पाणी पाजायला जाताना तो खांद्याला अडकवून नेत आणि पाटाचं पाणी कुठल्या सुरात वाहतं ते शोधत बसत. पाणी शेजाऱ्याच्या शेतात गेलं तरी यांना पत्ता नसे. पुढे ते ऑर्केस्ट्रात गेले, तिथून स्वतःचा बँड काढला, आणि आता कराड-पाटणपासून सांगलीपर्यंत त्यांच्या नावावर तारखा ठरतात.

त्यांच्या कानाचे किस्से सांगायचे तर वही पुरणार नाही. आमच्याकडे जेवायला आले की ते आधी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून फोडणी ऐकतात आणि मग मोहरी कमी पडल्याचं सांगतात. एकदा हायवेवर उसाचा ट्रॅक्टर चालला होता आणि त्यावर यांच्याच बँडचं गाणं लावलं होतं. यांनी हात करून ट्रॅक्टर थांबवला. ड्रायव्हरला वाटलं, आजोबांना सोडायचं आहे. भाऊजी वर चढले आणि स्पीकरचं बटण फिरवत म्हणाले, ‘आरं, माझ्या गिटारवाल्याचं त्वांड दाबलंयस तू. जरा बोलू दे की त्याला.’ आणि कारखान्याच्या फाट्यापर्यंत, एका हाताने मोळी धरून आणि दुसऱ्याने बटण धरून, ते तसेच बसून गेले. घरून त्यांना पाठवलं होतं दळण आणायला.

पण खरी गंमत त्यांच्या लिहिण्याची. भाऊजी वहीत लिहीत नाहीत. घरात येईल त्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहितात. पुढच्या बाजूला गणपती, वधूवर आणि आमचे येथे श्रीकृपेकरून. मागच्या बाजूला सारेगम, बाण, फुल्या आणि ढोलाच्या जागी काढलेले वाटोळे लाडू. यामुळे एकदा मोठा घोटाळा झाला. पाटणकडची एक सुपारी म्हणून सगळा बँड गाडीत घालून ते निघाले. गायिका पैठणी नेसलेली, ढोलवाले फेट्यात. घर बरोबर, महिना बरोबर, तारीखही बरोबर. फक्त ती पत्रिका मागल्या वर्षाची होती, आणि भाऊजी गाण्याची बाजू सोडून पत्रिकेची बाजू वाचत होते. दारात एक वृद्ध गृहस्थ आले आणि शांतपणे म्हणाले, ‘लगीन गेल्या सालीच झालं की. आता बारसं हाय. आलाय तर वाजवा.’ भाऊजींनी पाळण्याशेजारी बसून, वरातीत नाचायच्या गाण्याची पाच मिनिटांत अंगाई करून दिली. बाळ झोपलं, पाहुणे नाचायचे थांबून हळवे झाले. परत आल्यावर मी त्यांना म्हटलं, ‘भाऊजी, निदान साल तरी वाचावं.’ तर म्हणाले, ‘आवं वहिनी, साल कोण वाचतंय?’

साल मी वाचते. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. माझ्याकडे मसाल्याच्या डब्यांनाही तारखा असतात. आणि पाचगणीच्या शाळेत पियानो शिकल्यामुळे मला पाच रेघांवरचं संगीत लिहिता-वाचता येतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी एका गुरुवारी भाऊजी दोन पत्र्याच्या ट्रंका घेऊन आमच्या कराडच्या घरी आले. आत नुसत्या पत्रिका, अक्षता आणि हळदीकुंकवाच्या डागांसकट. म्हणाले, ‘मी हाय तवर ठीक हाय. पण मागनं ह्या लाडवांचा अर्थ कोण लावणार? तुमी नीट लिवून द्या.’ तेव्हापासून दर गुरुवारी ते येतात, गुणगुणून अर्थ सांगतात, मी वहीत उतरवते. एवढ्या वाद्यांची एवढी गुंतागुंत या माणसाने एका शाईपेनाने आणि शून्य शाळेने कशी रचली, हे पाहून कित्येकदा माझा हात थांबतो.

मागच्या हिवाळ्यात सांगलीच्या नाट्यगृहात बँडचा मोठा कार्यक्रम ठरला. त्याआधी त्यांची गायिका मला भेटायला आली. ती पाटणला नर्स आहे. भाऊजींना दादा म्हणते. तिच्या वरच्या सुरांसाठी लोक लांबून येत. ती खाली मान घालून सांगत होती, की सांगलीनंतर ती गाणं सोडणार. आवाज उतरला आहे, दादा दर वर्षी तिच्यासाठी पट्टी खाली आणतात आणि तिला वाईट वाटू नये म्हणून काही बोलत नाहीत. मला तिचा आवाज उतरलेला कधी वाटला नव्हता. पण माझा कान काही भाऊजींचा नव्हे, म्हणून मी नुसता तिच्यापुढे चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सवयीप्रमाणे पत्रिका सालवार लावत होते. तिचं ते सगळ्यात गाजलेलं गाणं भाऊजींनी चार वेगवेगळ्या वर्षी लिहिलेलं सापडलं. सर्वांत जुन्या पत्रिकेवर पट्टी काळी पाच. मग काळी चार. मग काळी तीन. आणि त्या वर्षी काळी दोन, म्हणजे दर वेळी सूर आणखी खाली. तिच्यापुरतं ते समजण्यासारखं होतं. पण बासरीही चक्क एक सप्तक खाली आली होती. कीबोर्डमधल्या बारीक घंटा, ज्यांच्यावर भाऊजींचा जीव, त्या आधी कमी झाल्या आणि मग गेल्याच. गायिकेचा गळा उतरला तर घंटा का उतरतील? एरवी आमच्या कुकरची शिट्टी कुठल्या सुरात आहे हे दर वेळी सांगणाऱ्या भाऊजींनी गेल्या काही महिन्यांत तेही सांगितलं नव्हतं, ते मला तेव्हा आठवलं.

गुरुवारी मी त्या पत्रिका जेवणाच्या टेबलावर सालाप्रमाणे ओळीने मांडल्या. भाऊजी उभ्यानेच बघत राहिले. एकेका पत्रिकेवर बोट ठेवत शेवटपर्यंत आले आणि खुर्चीत बसले.

‘वरचं पुसट झालंय, वहिनी,’ ते म्हणाले. ‘चार वर्षं झाली. जेवढं मला ऐकू येतंय तेवढंच लिवत गेलो. न ऐकता लिवायचं म्हंजी लबाडी वाटायची.’

मी त्यांना गायिका काय म्हणाली ते सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मला सांगितल्याचा पश्चात्ताप झाला. चहा तसाच टाकून ते उठले आणि पाटणची एसटी पकडून गेले. तिथे काय झालं ते मला तिच्याकडून कळलं. ती आधी रडली, मग चिडली, मग त्यांना पिठलं-भाकरी वाढली. वाढताना म्हणाली, ‘दादा, चार वर्षं मी मिठाच्या गुळण्या करतेय. एका शब्दानं सांगायचं हुतं की.’

सांगलीला तिने ते गाणं काळी पाचमध्येच गायचं ठरलं. अडचण एकच होती. भाऊजी प्रत्येक गाण्यात दोन आवर्तनं आपले हात कीबोर्डवरून उचलतात. बाकीच्यांचं ऐकण्यासाठी, असं त्यांचं म्हणणं. नेमकी त्याच जागी ती एकटी वर जाते, आणि ती खाली उतरताक्षणी यांना शिरायचं असतं. आता ती वर गेलेली यांना ऐकूच येणार नाही. म्हणून असं ठरलं, की मी पहिल्या रांगेत वही उघडून बसायचं आणि ती उतरली की पांढरा रुमाल वर करायचा. तुमचे आजोबा शेजारी बसून मला शांत राहायला सांगत होते आणि स्वतःचेच हात चोळत होते.

ती जागा आली. भाऊजींनी हात उचलले. ती वर गेली, आणि इतकं मोठं नाट्यगृह एखाद्या देवघरासारखं निःशब्द झालं. मी मात्रा मोजत होते, रुमाल मुठीत घट्ट. भाऊजी माझ्याकडे बघतच नव्हते. ते समोर अंधुक उजेडात बसलेल्या लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होते. मी रुमाल उचलणार, त्याच्या केसभर आधी त्यांचे हात कीबोर्डवर उतरले, अगदी तिच्या सुराखाली, पडणाऱ्या माणसाला अलगद झेलावं तसे. आणि पाठोपाठ त्यांच्या बोटांखालून घंटा वाजल्या. पत्रिकांवरून नाहीशा झालेल्या, एकही चुकीची नाही.

परतीच्या गाडीत भाऊजी इस्लामपूर मागे पडल्यावर म्हणाले, ‘रुमाल उशिरा उचलला तुमी.’ मी कबूल केलं. मग थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, ‘वर कशी लागली ती?’

‘पहिल्या पत्रिकेवर तुम्ही लिहिली होती तशी,’ मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि मांडीवर बोटांनी ते गाणं पुन्हा पहिल्यापासून वाजवलं.

ती गाणं सोडणार नाही. भाऊजी कानाला यंत्र लावायला तयार झाले आहेत. त्यातून माझा कुकर बेसूर येतो अशी त्यांची तक्रार आहे. दुसऱ्या ट्रंकेत आता अर्ध्याहून कमी पत्रिका उरल्या आहेत. हाती घेतलेलं काम वेळेत संपवायची माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. पण हल्ली गुरुवारी ते आले, की आधी मी पेन्सिलीला टोक काढते, मग चहा टाकते, मग मागच्या गुरुवारची ओळ पुन्हा एकदा तपासते. दिवसभरात एका पत्रिकेहून जास्त काही लिहून होत नाही.