अनुभव मिळवायला सोलापूरला

मॅनेजमेंट शिकायला निघालेली आजची मुलं विचारतात, कामाचा अनुभव आधी घ्यावा की नंतर? मला तेव्हा सोलापूर आठवतं. सत्तरच्या दशकात मी नुकताच बी.कॉम. झालो होतो. अनुभव म्हणाल तर एका ऑफिसात सुट्टीत पाकिटं चिकटवल्याचा. मुंबईतली एक संस्था मला तसाच घ्यायला तयार होती. माझं मन मात्र दुसऱ्या संस्थेत अडकलं होतं, आणि तिथले प्राध्यापक म्हणाले होते, "वर्षभर कारखान्यात काढ, मग ये." पहिल्या संस्थेला आठवड्याभरात कळवायचं होतं. मुंबईच्या गिरण्यांमधून हात हलवत परत आलो, तेव्हा कुणीतरी सोलापूरचं नाव काढलं. मी रात्रीची गाडी पकडली.

जाणार असाल तर उन्हाळा टाळा. सकाळी स्टेशनवर उतरलो तेव्हाच ऊन चटके देत होतं. टांगेवाल्याने एक स्वस्त लॉज दाखवला. खोली स्वच्छ, पंखा नावापुरता. खालच्या खानावळीत कडक भाकरी आणि शेंगांची चटणी मिळाली. चटणी जपून घ्या, सोबत दही मागाच. शेजारच्या टेबलांवर मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू सगळं चाललं होतं आणि मी ताटाशी बोलायचा तेवढा बाकी होतो.

गिरण्यांच्या ऑफिसांत एकच प्रश्न: "अनुभव?" तो नाही म्हणून तर आलोय, असं सांगितलं की कारकून हसायचे. दुपारी पाळी सुटली तेव्हा मी एका फाटकासमोर चहा घेत बसलो होतो. शेजारी बसलेल्या टोपीवाल्या गृहस्थांनी विचारलं, "कुटनं आला? काम पायजे व्हय?"

मी सगळं सांगून टाकलं.

"वडील काय करत्यात?"

"जॉबर आहेत."

त्यांचा चेहरा खुलला. "आरं, मंग आपलाच की तू! मी बी जॉबरच हाय. चल घरी, जेवाय चल."

त्यांचं नाव मल्लय्या. भवानी पेठेत त्यांचं घर, आजूबाजूला हातमागांची खडखड. ते बायकोशी तेलुगूत बोलले. मला त्यातला 'जॉबर' तेवढा कळला. आम्ही दोघे जमिनीवरच बसलो. काकूंनी भात आणि आंबट वरण वाढलं.

"उद्या आमच्या खात्याच्या मास्तरास्नी सांगतो. वर्सभर माझ्या हाताखाली ऱ्हा. चुकलास तर लई शिव्या खाशील, आधीच सांगतो."

त्या शिव्यांच्या कल्पनेनेसुद्धा मला बरं वाटलं. इथे कुणीतरी मला आपलं म्हणत होतं.

"वडील कुटल्या खात्यात? सूत का माग?"

"शेअर बाजारात."

त्यांचा घास हातातच राहिला. बाजारात दिवसभर शेअर घेऊन विकणाऱ्यालाही जॉबर म्हणतात. गिरणीत जॉबर म्हणजे मागांवरच्या माणसांचा मुकादम. हे दोघांनाही आत्ताच कळत होतं. ते हसले, मीही हसलो.

"असं व्हय," ते म्हणाले. "जेवा, तुमी पोटभर जेवा."

मग ते बायकोशी तेलुगूत काहीतरी बोलले. काकू लगबगीने शेजारी गेल्या आणि माझ्यासाठी खुर्ची घेऊन आल्या.

"पण कामाचं?" मी विचारलं.

"तुमाला कशाला ह्ये? तुमी शिका की."

"शिव्या चालतील मला."

"न्हाय, न्हाय. तुमाला कसं बोलायचं आमी? बरं दिसत न्हाय त्ये."

मी पुन्हा विनवलं. ते फक्त मान हलवत राहिले. मग स्वतः बाहेर जाऊन त्यांनी टांगा आणला आणि भाडंही मला देऊ दिलं नाही.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय दिसलं ते आठवत नाही. घरी पोचल्यावर पहिल्या संस्थेला होकार कळवला. त्याचा पश्चात्ताप नाही. शिक्षण चांगलं झालं, नोकरीही मिळाली. गाठीशी अनुभव नसेल तर घाबरू नका, असंच मी तुम्हाला सांगेन.

पण त्या दिवशी आईने पेढे वाटले, शेजारीपाजारी पाठ थोपटून गेले, आणि मी गॅलरीत जाऊन रडलो. जिथे एक दिवसही कामाला नव्हतो, त्या गिरणीतून माझं नाव कमी झालं होतं.